थंडी फार आहे

सालगेने माइकवर तळवा दाबून धरला आणि पडद्यावरच्या बाईचं वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. ऐकण्यात चूक नव्हती. धानी टुडू चुलीपुढे बसून भात ढवळत होती आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या जावेला संथालीत सांगत होती, "दादाच्या वीटभट्टीवर रात्री थंडी फार असते गं. पोराला घोंगडी पाठव कुणाबरोबर तरी."

खाली इंग्रजी अक्षरं उमटली होती. त्यांचा अर्थ एवढाच : थंडी फार आहे. पोराची आठवण येते.

सभागृह सालगेच्या आवाजाची वाट पाहत होतं. कोलकात्यातल्या या जुन्या कामगार संघटनेच्या सभागृहात दर जानेवारीत राजकीय माहितीपटांचा महोत्सव भरे, आणि इंग्रजी न वाचणाऱ्यांसाठी पडद्याशेजारी कुणीतरी माइक घेऊन बसे. चित्रपट चालू असतानाच ते माणूस बंगालीत सगळं सांगत जाई. यंदाचा संथाली चित्रपट सालगे बास्केकडे आला होता. ती कोर्टातली दुभाषी. साक्षीदार शिवी देवो की देवाचं नाव घेवो, जेवढं तेवढं आणि जसं तसं सांगायचं, अशी तिची शपथ होती; आणि त्या शपथेचा तिला चांगलाच तोरा होता.

तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, माकडटोपीत डोकं खुपसून टोपीदा बसला होता.

टोपीदा म्हणजे साध्या कपड्यातला पोलीस. त्याला कुणी बोलावत नसे आणि तो कधी चुकत नसे. इतक्या वर्षांत त्याचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं. महोत्सवाची पोरं त्याला चहा नेऊन देत, "काय टोपीदा, यंदा कुठला आवडला?" म्हणून डिवचत, आणि तो म्हणे, "सगळेच मेले रडवतात रे, बाबा." हसूनखेळून सगळं चालायचं. पण तो कुणाचा पगार खातो, हे पोरं विसरत नसत.

धानीच्या मुलाची गोष्ट पडद्यावर नुकतीच सांगून झाली होती. चुनाराम त्याचं नाव. दगडखाणीविरुद्ध मोर्चा निघाला, दगडफेक झाली, आणि खटल्यात पहिलं नाव त्याचं लागलं. तेव्हापासून पोलीस त्याला हुडकत होते. आणि आता त्याची आई भात ढवळता ढवळता त्याचा पत्ता सांगून मोकळी झाली होती. मामाची वीटभट्टी! धानीला भाऊ ते किती असणार, आणि त्यातले भट्टीवर ते किती?

सालगेने तळवा काढला.

"थंडी फार आहे," ती बंगालीत म्हणाली. "पोराची आठवण येते."

तिचा आवाज नेहमीसारखाच आला. याचंच तिला नवल वाटलं, आणि थोडी लाजही.

दिवे लागले. टाळ्या पडल्या. दिग्दर्शक ऋतब्रत व्यासपीठावर जाऊन उभा राहिला. त्याच्या डोक्यावर दरवर्षीचा लाल फलक होता : इथे कात्री चालत नाही. महोत्सवाच्या भास्वतीदींनी तो स्वतःच्या हातांनी रंगवला होता. सरकारी प्रमाणपत्र घेणार नाही, एक दृश्य कापणार नाही, या हट्टापायी त्यांनी मोठमोठी सभागृहं गमावली होती आणि शेवटी या गळक्या छपराखाली येऊन बसल्या होत्या.

प्रश्न सुरू झाले. खाणीचा मालक कोण, पैसा कुठून आणला, नेहमीचंच. सालगे माइकची वायर गुंडाळत होती, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून हात वर आला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. टोपीदाने आजवर कधी प्रश्न विचारला नव्हता.

"मला या मॅडामना विचारायचंय," तो उभा राहून म्हणाला. "ती आई चुलीपाशी बसलेली असते ना, तिथे माइक बारीक झाला होता. ती काय म्हणाली?"

सालगेच्या हातातली वायर थांबली. ऋतब्रत व्यासपीठावरून म्हणाला, "अहो, सांगा ना सालगेदी. फार सुंदर जागा आहे ती."

तिने माइक पुन्हा तोंडाशी धरला. खोटा साक्षीदार कसा पकडला जातो, ते तिने कोर्टात पुष्कळदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा सांगताना तो एखादा शब्द वाढवतो.

"थंडी फार आहे. पोराची आठवण येते."

"बस, एवढंच?"

"एवढंच."

"धन्यवाद," म्हणून टोपीदा खाली बसला.

बाहेर अंगणात चहा वाटला जात होता. सालगे मातीचा कप घेऊन भिंतीच्या कडेला गेली तर टोपीदा तिच्याआधी तिथे उभा.

"कोर्टात तुमचं नाव फार ऐकलंय, मॅडाम," तो चहावर फुंकर घालत म्हणाला. "एक शब्द इकडचा तिकडे करत नाही म्हणतात."

"तसंच आहे."

"असायलाच हवं. नाहीतर माणूस विश्वास ठेवणार कुणावर?" त्याने घोट घेतला. "माझं काय, माझ्या कागदांत लिहिलंय, संथाली येत नाही. बांकुड्यातलं माझं सगळं लहानपण गेलं तुमच्या लोकांच्या अंगणात, पण नोकरीत कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. माइकवर जे येतं तेच मी वर कळवतो. आज दोनदा विचारून घेतलं. उगाच कुणी म्हणायला नको, म्हातारा पेंगत होता."

सालगेने चहा न पिता कप भिंतीवर ठेवला.

"उद्या झाडग्रामला म्हणे हाच चित्रपट?" त्याने विचारलं.

"हो. दुपारी."

"तिथे माइक लागणार नाही. सगळं सभागृह संथालांचंच, सगळ्यांना सगळं कळणार." टोपीदाने रिकामा कप भिंतीपलीकडे टाकला. तो फुटल्याचा आवाज आला. "तिथे आमचा एक पोरगा येतो. तुमच्यातलाच आहे. नवीन आहे, मॅडाम. पेंगत नाही."

त्याने टोपी कानांवरून खाली ओढली, निघाला, आणि फाटकापाशी वळून म्हणाला, "येतो, दाई."

दाई म्हणजे संथालीत थोरली बहीण. सालगेला या शहरात त्या शब्दाने कुणी हाक मारली नव्हती. तिला तो शब्द जवळचा वाटला, आणि त्याच वेळी त्याची भीतीही वाटली. ती तशीच आत धावली.

भास्वतीदी खुर्च्या मोजत होत्या. ऋतब्रत लॅपटॉप आवरत होता.

"ते चुलीचं दृश्य काढा," सालगे म्हणाली. "उद्याच्या आत."

"काय?" ऋतब्रत हसला. "कुठलंही काढा, ते नको. ते गेलं तर चित्रपटात उरलं काय?"

भास्वतीदींनी चष्मा कपाळावर चढवला. "सालगे, तू कुठे उभी आहेस ते बघ. वर काय लिहिलंय, वाच. ज्यांच्याशी मी जन्मभर भांडले त्यांचं काम आता तू करणार? काय धमकी दिली टोपीदाने? मी बोलते त्याच्याशी."

"धमकी नाही, दीदी. ती बाई काय म्हणते ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

"थंडी फार आहे," ऋतब्रत म्हणाला. "तुम्हीच तर सांगितलंत. दोनदा!"

"मी खोटं सांगितलं."

आणि तिने खरं सांगितलं, अगदी हळू, कोर्टात सांगते तसं, शब्दाला शब्द. ऋतब्रत लॅपटॉप मिटता मिटता थांबला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि लखाईला लावला. लखाई शांतिनिकेतनात शिकणारा संथाल मुलगा. इंग्रजी ओळी त्याने लिहिल्या होत्या. ऋतब्रतने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"लखाई, चुलीच्या जागी तू चुकीचं लिहिलंस?"

"चुकीचं नाही, दादा. कमी लिहिलं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तो तुकडा काढा म्हणून मी तुमच्या किती मागे लागलो, आठवतंय का? तुम्ही म्हणालात, कॅमेऱ्यापुढे आलेलं सत्य आपण कापत नाही."

"पण कारण सांगायचं ना, गाढवा!"

"कारण सांगितलं असतं तर तुम्हालाही कळलं असतं, दादा. मग ते किती जणांना माहीत झालं असतं?"

ऋतब्रतने फोन बंद केला आणि खुर्चीवर बसकण मारली. दोन वर्षं तो त्या गावात जात होता, धानीच्या हातचं जेवत होता, तिला माय म्हणत होता. तिची भाषा शिकायची मात्र राहून गेली होती. त्याला ते लागलं असावं, कारण तो एकदम म्हणाला, "आख्खा चित्रपटच नको दाखवायला."

"वेड लागलंय का तुला?" भास्वतीदी म्हणाल्या. "झाडग्राममध्ये गावागावांतून माणसं येणार आहेत. धानीलाही बोलावलंय. बंद केलास तर सगळे विचारतील, असं होतं तरी काय त्यात."

त्यांनी वर फलकाकडे पाहिलं. मग पाठ फिरवून म्हणाल्या, "तोंड राहू दे तिचं. आवाज काढ. खालची अक्षरंही काढ."

"दीदी..."

"काढ म्हणते ना! आणि तो फलक इथेच राहू दे. उद्या नेऊ नका."

झाडग्रामच्या शाळेचं सभागृह दुसऱ्या दिवशी भरून ओसंडलं. बायका लेकरं मांडीवर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या, मुरमुऱ्यांच्या पुड्या हातोहात फिरत होत्या. सालगे फाटकात उभी राहून बसची वाट पाहत होती. धानीला एकदा गाठून सांगायला हवं होतं. बस आली नाही. आत अंधार झाला, चित्रपट सुरू झाला, आणि तो निम्म्यावर गेल्यावर लाल काठाचं लुगडं सावरत धानी टुडू आली. पोरांनी तिला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. सालगेला तिथवर जाताच येईना. दोघींच्या मधे पाय ठेवायला जागा नव्हती.

त्या गर्दीत कोण पेंगत नाही, हे तिने आल्याबरोबर ओळखलं होतं. खिडकीशी बसलेला, इस्त्रीचा शर्ट, एवढ्या थंडीत अंगात स्वेटर नाही. मुरमुऱ्यांची पुडी त्याने तशीच पुढे सरकवली.

चूल आली. धानी भात ढवळू लागली. तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. जाळाची तडतड आणि भाताची रटरट, एवढंच. पहिल्या रांगेतली धानी ताठ झाली. तिने एकदा मागे वळून सगळ्या सभागृहावरून नजर फिरवली आणि पुन्हा पडद्याकडे पाहिलं. आपण तिथे काय बोललो होतो ते तिला आठवलं असेल का, सालगेला कळेना.

दिवे लागले. ऋतब्रतने धानीला हात धरून उभं केलं, लोकांनी जोहार केला. खिडकीशी बसलेला तरुण उठला.

"काकी," तो संथालीत म्हणाला, गोड आवाजात. "चुलीपाशी तुम्ही काहीतरी बोलता. ते ऐकूच येत नाही. काय म्हणालात?"

ऋतब्रतला प्रश्न कळला नाही. तो मान डोलावत हसत राहिला. भास्वतीदींनी सालगेकडे पाहिलं. सालगे दाराशी होती, आणि ही सगळी माणसं मधे. तिला ओरडता येत नव्हतं, खुणावताही येत नव्हतं. दुभाषीची इथे कुणाला गरज नव्हती.

धानीने त्या तरुणाला नीट पाहून घेतलं. त्याचा शर्ट पाहिला, उघडे हात पाहिले.

"काय म्हणणार, बाबू?" ती म्हणाली. "थंडी फार आहे, म्हणाले. पोराची आठवण येते, म्हणाले."

"एवढंच?"

"एवढंच. तुझी आई नाही का म्हणत? असा उघडा फिरतोस तो!"

बायका खदखदून हसल्या. कुणीतरी मागून आपली शाल त्या तरुणाच्या अंगावर टाकली, आणि त्या हशात तो कसनुसा होऊन खाली बसला. धानी हसली नाही. ती लुगड्याचा पदर दोन्ही मुठींत आवळून उभी होती.

सालगे दाराच्या चौकटीला टेकली. तिच्या हातात माइक नव्हता, तरी तो बंद करायला तिचा अंगठा हलला.