अक्काने शोधलेला दवाखाना

मित्रांनो, मी एक म्हातारी घोडी आहे. नाकपुडीवर पांढरा ठिपका आहे, म्हणून सगळे मला ठिपकी म्हणतात. आता माझी पाठ मधोमध वाकली आहे, डोळ्यांच्या वर खळगे पडले आहेत, आणि कोवळ्या उन्हात उभी राहिले की उभ्याउभ्याच डुलकी लागते. पण एके काळी सगळी वस्ती माझ्या टापांनी जागी व्हायची. गाडी वळणावर आली की घराघरांतून आवाज यायचा, "ठिपकी आली, भांडी काढा!" मग एकेका दारातून दूध गोळा करत आम्ही डेअरीपर्यंत जायचो.

आम्ही म्हणजे अक्का, भाऊ आणि मी. अक्का मोठी, भाऊ तिच्या पाठचा. आईवडील लवकर गेले. मागे उरलं ते दोन खोल्यांचं घर, पत्र्याचा तबेला, दुधाची गाडी आणि ती ओढणारी माझी आई. अक्काने लग्न केलं नाही. कोणी विषय काढलाच तर ती म्हणायची, "एक घोडी आणि एक भाऊ. एवढे दोन हट्टी जीव सांभाळते ते पुरे नाही का?" भाऊ गाडी हाकायचा, अक्का दारोदार उतरून दूध मोजून घ्यायची. दोघांचं दिवसभर भांडण चालायचं आणि दिवसभर एकमेकांवाचून पानही हलायचं नाही.

मी दूध सोडून नुकती गवताला तोंड लावू लागले होते, तेव्हाची गोष्ट. एका सकाळी आईने गव्हाणीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सारखी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघत होती. पायाने जमीन उकरायची, बसायची, पुन्हा धडपडत उठायची. तिच्या अंगाला घाम सुटला होता. अक्का शेजाऱ्यांना विचारत सुटली. एक म्हणाला, चौकातल्या डॉक्टरला बोलवा. दुसरा म्हणाला, तो कसला येतोय, शहरात न्या. तिसऱ्याने काढा सांगितला. चौथ्याने तो काढा मुळीच पाजू नका असं बजावलं. भाऊ सायकल मारत चौकात गेला, तर दवाखान्याला कुलूप. डॉक्टर लग्नाला गेले होते. मग तो टेम्पो शोधायला धावला. टेम्पो दारात येऊन उभा राहिला तेव्हा आईला त्याची गरज उरली नव्हती.

अक्का बराच वेळ लगाम मांडीवर घेऊन तिच्याजवळ बसून होती. मी तिच्या खांद्याला नाक लावलं. ती भाऊला म्हणाली, "आजारानेच गेली असती ना, तर मी रडून मोकळी झाले असते रे. पण आपण सकाळभर नुसतं कुठे न्यायचं, कुठे न्यायचं करत बसलो."

भाऊ टेम्पोवाल्याला परत पाठवायला बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

पुढे काही दिवसांनी अक्काने माझ्या गळ्यात दावं घातलं आणि म्हणाली, "चल ग, तुझा डॉक्टर बघायला जाऊ." मला काहीही झालेलं नव्हतं. मी उंडारत होते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या टोप्या ओढत होते. वस्तीला हसायला कारण मिळालं. किराणा दुकानदार तर ओरडून म्हणाला, "अक्का, लोक मुलीला स्थळं बघतात, तू घोडीला दवाखाने बघतेस?"

"स्थळ चुकलं तर मुलगी माहेरी तरी येते," अक्का म्हणाली. "ही कुठून येणार?"

पहिल्यांदा आम्ही चौकात गेलो. जवळचा दवाखाना, पायी जाण्याइतका. डॉक्टर स्वभावाने वाईट नव्हते. ओसरीवर खुर्ची टाकून ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. आमच्या आधी एक शेळीवाला आला. डॉक्टरांनी खुर्चीतूनच विचारलं, खुर्चीतूनच औषध सांगितलं, आणि शेळी आली तशी गेली. अक्काने विचारलं, "डॉक्टर, घोड्याला काही झालं तर इथे काय काय होत नाही?"

"होत नाही म्हणजे?" ते जरा दुखावलेच. "इथे सगळं होतं!"

अक्का नमस्कार करून निघाली.

दुसरा दवाखाना शहराच्या तोंडाशी होता. तो भाऊला फार आवडला होता. काचेचं दार, आत गार हवा, भिंतीवर हसऱ्या कुत्र्यांची चित्रं. पण दाराला तीन गुळगुळीत पायऱ्या होत्या. मी पहिलीवर पाय ठेवला आणि घसरले. काउंटरवरची मुलगी धावत बाहेर आली. बिचारी चांगली होती. तिने विचारलं, "हिला आत आणायचंय? आमच्याकडे मांजरं, कुत्री, पक्षी येतात हो. घोडा... एक मिनिट, विचारून येते." ती विचारून आली आणि म्हणाली, "सर म्हणाले, बघू."

परतीच्या वाटेवर भाऊ कुरकुरत होता. "बघू म्हणाले ना? मग? केवढा मोठा दवाखाना आहे. तुला नक्की पाहिजे तरी काय?"

"बघूवर एक घोडी घालवली आपण," अक्का म्हणाली.

तिसरा दवाखाना नदीपलीकडे होता. पूल ओलांडून, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत. भिंतींच्या कोपऱ्यांत अजून पीठ अडकलेलं होतं आणि औषधांच्या वासात तो पिठाचा वास मिसळून यायचा. अंगण मातीचं, पाय न घसरणारं. एका कडेला जाड लाकडांचा खोडा होता. जनावर हलू नये म्हणून त्याला आत उभं करतात ना, तो. तिथे एक बाई बाह्या वर करून बादलीत हात धूत होत्या. त्या डॉक्टरीणबाई. हात पुसून त्या सरळ माझ्याकडे आल्या, पण लगेच हात लावला नाही. आधी पंजा पुढे केला आणि मला हुंगू दिला. मग अक्काला विचारलं, "नाव काय हिचं?"

"ठिपकी."

"ठिपके, काय म्हणतेस?"

काय सांगू मित्रांनो, तोवर मला कोणी असं विचारलं नव्हतं. मी त्यांच्या खिशातला रुमाल ओढला.

अक्काने आपला तोच प्रश्न विचारला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. खोड्याच्या लाकडाला टेकून त्यांनी नीट विचार केला. "बरंच काही होत नाही," त्या म्हणाल्या. "मोडलेल्या हाडाचा फोटो काढता येत नाही. घोड्याचं पोट उघडायचं झालं तर माझ्याकडे जागा नाही, माणसं नाहीत. पण ती वेळ आली हे मला ओळखता येतं. कुठे न्यायचं तेही माहीत आहे. आणि मी नसले तर कोणाला बोलवायचं, ते तुम्हाला आजच सांगून ठेवते."

अक्काने माझं दावं खोड्याला बांधलं. तिचं ठरलं होतं.

भाऊला ते पटलं नाही. "अगं, स्वतःच म्हणते मला जमत नाही, आणि तू तिचीच निवड करतेस? लांब तर किती!" पण अक्कापुढे त्याचं काही चाललं नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली. "काही झालेलं नसतानाही हिला अधूनमधून आणत जा. दुखत असताना पहिल्यांदा दवाखाना बघितला की जनावर घाबरतं. मग ना मला काही करता येतं, ना तिला सोसवतं." म्हणून आम्ही अधूनमधून सहज जायचो. त्या माझे पाय उचलून बघायच्या, तोंड उघडायच्या, कान चाचपायच्या आणि शेवटी गाजर द्यायच्या. मला तर कितीतरी दिवस वाटत होतं की ते गाजराचंच दुकान आहे.

मग माझे कामाचे दिवस आले. सुखाचे दिवस होते ते! डब्यांचा खणखणाट, ओल्या रस्त्याचा वास, मागे भाऊचं बेसूर गाणं आणि अक्काचं "अरे, डेअरीत जाईपर्यंत दूध नासेल तुझ्या आवाजाने" हे ठरलेलं वाक्य. मला प्रत्येक दार पाठ झालं होतं. भाऊला डुलकी लागली तरी मी बरोबर थांबायची. डेअरीतले लोक म्हणायचे, "भाऊ, तुझ्यापेक्षा ही घोडीच हुशार." भाऊ खोटं खोटं रागवायचा आणि मग माझी आयाळ विंचरत बसायचा.

एके दिवशी दुपारी माझ्या पोटात कळ आली. आईचं सगळं मला आठवलं असेल की नाही, ठाऊक नाही, पण अक्काला आठवलं. मी मान वळवून पोटाकडे बघितलं मात्र, तिच्या हातातलं घमेलं खाली पडलं. यावेळी कोणी कोणाला विचारायला गेलं नाही. एक फोन झाला आणि डॉक्टरीणबाई त्यांच्या खडखडणाऱ्या जीपमधून आल्या. त्यांनी हिरड्या बघितल्या, पोटाला कान लावला, नाकातून नळी घातली, खांद्यापर्यंत हात घालून तपासलं. मी उभी राहिले. हात ओळखीचे होते ना.

मग त्या मागे सरल्या. चेहरा गंभीर होता. "अक्का, आतडं फिरलंय. हे माझ्या हातातलं नाही. मोठ्या इस्पितळात न्यायचं, आत्ताच. मी फोन करते, ते तयारीत राहतील."

भाऊचा तोल गेला. "बघितलंस? मी म्हणत नव्हतो? वेळ आली आणि हात वर केले!"

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे शांतपणे बघितलं. "भाऊ, मी इथे आणखी तासभर काहीतरी करत बसू शकते. तुम्हाला बरं वाटेल, पण तिला नाही."

टेम्पो आला. मला वाटलं, त्या आता परत जातील. पण त्या माझ्यासोबत मागे चढल्या आणि एक हात माझ्या मानेवर, एक फळीवर अशा उभ्या राहिल्या. समोर अक्का, पुढे ड्रायव्हरशेजारी भाऊ. रस्ता खड्ड्यांचा होता. दर खड्ड्याला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि दर वेळी त्या म्हणायच्या, "आहे ग, आहे मी." इस्पितळाचं फाटक उघडंच होतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बाहेर उभी होती. पुढचं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा पोटावर लांबलचक टाके होते आणि भाऊ भिंतीकडे तोंड करून रडत होता. नंतर त्याने डॉक्टरीणबाईंपुढे हात जोडले. त्या म्हणाल्या, "राहू दे भाऊ. आधी काहीतरी खा, तोंड बघ कसं झालंय."

टाके भरून येईपर्यंत अक्का आणि भाऊने दुधाचे डबे हातगाडीवरून ओढले. परत आल्यावर भाऊ माझ्यासमोर हातपाय पसरून बसायचा आणि म्हणायचा, "ठिपके, माफ कर बाई, तुझं काम लय अवघड आहे."

काळ कोणासाठी थांबत नाही. डेअरीची मोटार दारोदार येऊ लागली. गाडी मोडीत निघाली आणि मी तबेल्यात उरले. भाऊला शहरात काम लागलं, अक्काचे गुडघे दुखू लागले. दवाखान्यात सहज जाणं बंद पडलं. कोणी मला मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही, फक्त माझ्याकडे बघणं कमी झालं. मी वाळत गेले. सगळे म्हणाले, वय झालं आता. खरं म्हणजे माझ्या दाढांना धार आली होती. घास चावला की गाल कापले जायचे, म्हणून मी अर्धवट चावून टाकून द्यायची. एकदा डॉक्टरीणबाई रस्त्याने जाताना सहज डोकावल्या. गव्हाणीखाली पडलेले गवताचे चघळलेले गोळे त्यांनी उचलून अक्काच्या हातावर ठेवले. अक्काचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी माझ्या दाढा कानशीने घासून झाल्या, आणि मी इतक्या दिवसांनी पोटभर जेवले.

गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी दवाखाना बंद केला. त्यांचेच हात आता थरथरू लागले होते. जाण्याआधी त्या घरोघरी येऊन जनावरांना भेटल्या. आमच्या तबेल्यात आल्या तेव्हा मी सवयीने मान वळवून सुईसाठी उभी राहिले. पण त्या दिवशी त्यांच्या हातात पेटी नव्हती. त्या नुसत्याच माझ्या मानेला टेकून उभ्या राहिल्या. बाहेर अक्का चहा घेऊन थांबली होती. तिने तो थंड होऊ दिला, पण हाक मारली नाही.

मित्रांनो, आम्हाला आमचा डॉक्टर निवडता येत नाही. दारावरची पाटी आम्हाला वाचता येत नाही आणि कुठे दुखतं ते सांगताही येत नाही. ते सगळं तुम्हीच करायचं असतं, आणि तेही आम्ही धडधाकट असताना. तुमच्या दारात एखादं जनावर असेल तर आज त्याला घेऊन बाहेर पडा. त्याच्यावर कोण हात ठेवतं, आणि कसा ठेवतं, हे त्याच्या शेजारी उभं राहून बघा. त्याचे कान भीतीने मागे गेले तर पुढच्या दवाखान्याकडे चला. ते सैल झाले तर तिथे थांबा.