ग्रहण ऐकवणारी डिश

मी खांदेश्वरच्या एका सोसायटीच्या गच्चीवरची टीव्हीची डिश बोलतेय. बरीच वर्षं मी एकाच उपग्रहाकडे तोंड करून उभी होते. खाली रावसाहेबांच्या घरात मालिका चालायच्या, क्रिकेट चालायचं. मग घरात वायफाय आलं, माझी वायर कापली गेली आणि कबुतरांनी माझा ताबा घेतला.

"मॅडम, हे भंगार हटवा ना," सोसायटीचे सेक्रेटरी हरेश सारखे म्हणायचे, रावसाहेबांच्या लेकीला, संघमित्राला.

एका सुट्टीच्या दिवशी ती वर आली. तिने मला घासूनपुसून काढलं आणि डिश बसवणारे सिग्नल शोधायला वापरतात तो फाइंडर जोडला. सिग्नल वाढला की त्याचा आवाज चढतो. तिने मला सूर्याकडे वळवलं आणि फाइंडर असा काही किंचाळला, की मी दचकलेच! सूर्य नुसता उजेड देत नाही, रेडिओलहरीही पाठवतो, हे मला तेव्हा कळलं.

हे सगळं होतं तिच्या आईसाठी. काचबिंदूने वेणूबाईंची दृष्टी गेली होती आणि रविवारी सूर्यग्रहण होतं. "समदे बघतेल, मी काय करू?" असं त्या म्हणाल्या होत्या.

रविवारी सगळी सोसायटी गच्चीवर जमली. हरेशनी दुर्बीण लावली, काळे चष्मे वाटले आणि नेमकं आभाळ गच्च भरून आलं. सूर्य कुठे आहे तेही कळेना.

"झाला पचका!" हरेश म्हणाले.

संघमित्राने मोबाइलवर दिशा पाहिली आणि मला हळूहळू फिरवलं. एका जागी आवाज एकदम चढला. सूर्य सापडला!

"ढग उजेड अडवतात," ती सगळ्यांना सांगू लागली, "पण या लहरी लांब असतात, त्या ढगातून येतात. काही दुर्बिणी उष्णतेचे किरण टिपतात, काही अवकाशात जाऊन क्ष-किरण. आकाश तेच, पण प्रत्येक किरणात वेगळं दिसतं."

सूर्य सरकेल तशी ती मला बोटभर हलवत होती. वेणूबाई खुर्चीत बसून खुशाल भाकर खात होत्या. ग्रहण पाळणं त्यांना कधीच मान्य नव्हतं. मध्येच त्यांचा घास थांबला.

"मित्रा, आवाज बसायलाय बघ."

"आई, चंद्र आडवा आला!"

सगळे फाइंडरभोवती सरकले. आवाज उतरत उतरत पार खाली गेला. काही वेळ तसाच राहिला. मग तो किंचित चढला, आणि ते सगळ्यांच्या आधी वेणूबाईंनी ओळखलं.

"सुटायला लागला! सूर्य सुटायला लागला!"

टाळ्यांनी गच्ची दणाणली. हरेशनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि वेणूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसून ते डोळे मिटून ऐकत राहिले.

आता दर रविवारी पार उलव्याहूनही मुलं मला ऐकायला येतात. तुमच्या गच्चीवर माझी एखादी बहीण गंजत असेल, तर तिचं तोंड सूर्याकडे वळवा. आणि घरात कुणाला दिसत नसेल, तर पहिली खुर्ची त्यांना द्या.