पोटात निखारा घेऊन मी टेकडीवर चढलो

मित्रांनो, मी कोळसा आहे, पण चुलीतला नाही हं! मी मातीत घालायचा कोळसा. वखारीतल्या लाकडाच्या ढलप्या बंद पिंपात, हवा न लागू देता भाजल्या, आणि झालो मी. अंगभर बारीक बारीक भोकं!

मला जायचं होतं कचऱ्याच्या टेकडीवर. कचरा कुजला की आत पेट घेणारा गॅस होतो. वर मातीचं पांघरूण असतं, पण ते उन्हात तडकतं आणि फटीतून गॅस बाहेर येतो. माती तडकू नये म्हणून तिच्यात मला मिसळतात.

भट्टीवाला दादा पिंप उघडलं की आम्हाला पाण्याने भिजवायचा, पसरायचा, मग पोत्यात भरायचा. त्या दिवशी पाणी कमी आलं. त्याने वरवर शिंपडलं आणि भरलं. माझ्या पोटात निखारा तसाच! ओरडू कसा?

टेकडीवर रोलर चालवायची त्याची ताई. तिने आमचं पोतं नेमकं फटीशेजारी टेकवलं. खालून गॅस येतोय, आत मी धुमसतोय. माझा तर जीवच गेला!

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दादाचाच!

"ताई, ते पोतं लांब ने! आतून विझलेलं नाहीये!"

"हो का? मग चहा ठेवते त्याच्यावर. परवा म्हणालास रोलरखाली साप आहे, मी अर्धा तास टपावर बसले होते!"

"ताई, चेष्टा नाही गं..."

"ठेव फोन, गाढवा."

"आईची शपथ!"

आईची शपथ तो कधीच घेत नसे. ताईने पोत्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग कान धरून पोतं ओढलं, उतारावरून फरफटत खाली, थेट पाण्याच्या खड्ड्यात. चर्रर्र! वाफच वाफ!

ताईने फोन पुन्हा कानाला लावला. फोनवर दादा रडत होता. "रडू नकोस रे," ती म्हणाली, "आहे मी."

आता मी शेणखत आणि मातीत मिसळून टेकडीवर पसरलोय. पाणी धरून ठेवतो. माझ्या भोकांत राहणारे जिवाणू गॅस खातात.

दादा हल्ली ताईशी चेष्टाच करत नाही. तिला ते मुळीच आवडत नाही. मित्रांनो, चेष्टा करा हो, खूप करा! फक्त पोत्यात भरण्याआधी आम्हाला आतपर्यंत भिजवा.