उभा मेळा

"खुर्ची नको म्हटलं ना मी? मग तीच रेकॉर्ड पुन्हा कशाला लावतेस?"

विनी पास्कोने चहाची किटली टेबलावर अशी आदळली की बशीतली बिस्किटं हलली. समोर बसलेली मिकेला अंग चोरून बसली. शाळेच्या शेवटच्या वर्गातली ही मुलगी यंदाच्या मेळ्याची अध्यक्ष होती, आणि विनीची समजूत घालायचं काम सगळ्यांनी मिळून तिच्याच गळ्यात मारलं होतं.

"पण मिसेस पास्को, तुमच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. दहा मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मेळा दोन तास चालतो."

"तो डॉक्टर शाळेत असताना माझ्या बसमध्ये त्याला रोज उलटी व्हायची. मला शिकवतोय!"

शेगडीजवळ बसून विनीने केलेली खिम्या-बटाट्याची पॅस्टी खात असलेला नोएल ट्रेलोअर खो खो हसला. तो म्हातारा मेंढपाळ विनीचा शेजारी, आणि मेळा भरायचा तो त्याच्याच लोकर कातरायच्या शेडमध्ये. "अगं, बस की गुपचूप. एका म्हातारीसाठी एक खुर्ची ठेवली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"तू पॅस्टी खा, नोएल."

मिकेलाने बशीकडे बघत हळूच सांगून टाकलं. "खरं सांगू का? ॲडलेडहून मंत्रीबाई येणार आहेत. त्यांच्या ऑफिसातून फोन आला होता, पुढची रांग राखून ठेवा म्हणून. नगरपालिकेचे लोक म्हणतात, मिसेस पास्को बसल्या तर मंत्रीबाईंनाही बसवता येईल. मग त्यांच्याबरोबरच्या लोकांनाही."

"म्हणजे माझ्या खुब्याच्या आडून पुढची रांग लाटायची!" विनी म्हणाली. "आणि तुझ्या पोरांनी कुठे जायचं?"

"मागे," मिकेला म्हणाली. "म्हणून तर मला हे विचारायलाच यायचं नव्हतं."

बाहेरगावचे लोक त्याला किशोरांचा साहित्य महोत्सव म्हणतात. वंडिल्ला गावात मात्र त्याचं नाव उभा मेळा. खुर्च्या फक्त पोरांसाठी. एकोणीस वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही तिथे बसता येत नाही, मग तो पाद्री असो, नाहीतर पाहुणा लेखक. मोठ्यांनी मागे, मेंढ्या कोंडतात त्या फळ्यांच्या जमिनीवर, कठड्याला धरून उभं राहायचं आणि पोरं काय वाचतात, लेखकाला काय विचारतात ते तोंड मिटून ऐकायचं.

हे कोणी ठरवून केलं नव्हतं. पहिल्या वर्षी शाळेने एका लेखिकेला बोलावलं, तेव्हा टाउन हॉलचं छप्पर गळत होतं, म्हणून कार्यक्रम नोएलच्या वडिलांच्या शेडमध्ये गेला. चर्चमधून खुर्च्या आणल्या. लांबच्या शेतांवरची पोरं विनीच्या शाळेच्या बसमधून यायची होती, आणि नेमका रस्त्यात मेंढ्यांचा कळप आडवा आला. पोरं पोचली तेव्हा गावातली झाडून सगळी बडी मंडळी खुर्च्यांवर ऐसपैस बसली होती आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ती पोरं मागे मेंढ्यांच्या कोंडवाड्यात टाचा उंचावून उभी होती. विनी बस लावून आत आली. तिने एकवार सगळीकडे पाहिलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ जे ओरडायची तेच सवयीने ओरडली, "मुलं बसल्याशिवाय गाडी हलणार नाही!"

शेडमध्ये बस नव्हती. क्षणभर कोणाला काही कळेना. मागून एक पोरगी फिसकन हसली. विनीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण तिने शब्द मागे घेतला नाही. कमरेवर हात ठेवून ती तशीच उभी राहिली. मग बँकेचे मॅनेजर टोपी हातात घेऊन उठले. त्यांच्यामागून पाद्री उठले. बघता बघता सगळी रांग रिकामी झाली. पोरं बसली आणि एकसुरात ओरडली, "बसलो!" ती लेखिका पुढच्या वर्षी कोणी न बोलावता आली.

तेव्हापासून मेळा सुरू होतो तो याच वाक्याने. विनीने ओरडायचं, पोरांनी "बसलो!" म्हणायचं, मग पहिलं वाचन. पुढे रेल्वे बंद झाली, बँक गेली, फुटबॉलचा संघ शेजारच्या गावाच्या संघात विरून गेला. दुष्काळात नोएलने निम्म्या मेंढ्या विकल्या. मेळा मात्र एकदाही चुकला नाही. त्या शेडमध्ये एका पोरीने आपल्या घरातल्या मुक्या जेवणांवर गोष्ट वाचली होती आणि तिचा बाप चार शेजाऱ्यांच्या मधोमध उभा होता. बसलेला असता तर मान खाली घालून बुटांकडे बघत राहिला असता. उभ्या माणसाला तेवढा आडोसा नसतो. त्या रात्री त्या घरात कोणीतरी बोललं म्हणतात. वंडिल्लात पोरगा मोठा झाला असं कोणी म्हणत नाही. 'उभा राहिला' म्हणतात. एकोणीस पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा मागे जाऊन उभं राहायला पोरं नवे बूट घालून येतात.

आणि या सगळ्याचा विनीला अभिमान होता. ती स्वतः तेराव्या वर्षी शाळेतून निघाली होती आणि सगळी हयात बस चालवण्यात गेली होती. गावाला तिने दिलेलं एकच वाक्य होतं, पण ते तिचं होतं. ते मंत्रीबाईंच्या बुडाखाली जाऊ द्यायची तिची तयारी नव्हती.

मिकेला गेल्यावर विनीने बटाटे उकडायला ठेवले आणि किती वेळ जमतं ते बघायला ओट्याला हात न लावता उभी राहिली. नोएल शेगडीजवळून बघत होता. बटाटे शिजायच्या आतच तिचा पाय लटपटायला लागला. तिने खुर्ची ओढली आणि धप्पकन बसली.

"मी येत नाही यंदा," ती म्हणाली. "बसले तर नियम मोडतो, उभी राहिले तर मी मोडते."

नोएलने आयुष्यात पहिल्यांदाच तिची चेष्टा केली नाही. त्याने हात पुसले. "गाडीत बस," तो म्हणाला. "शेडवर जाऊ."

लोकरीची कातरणी नुकतीच संपली होती. शेडच्या फळ्या लोकरीच्या तेलाने गुळगुळीत झाल्या होत्या. आढ्याला एका जाड स्प्रिंगवर झोळी लोंबत होती. दिवसभर वाकून मेंढ्या कातरणारे पाठीवरचा भार कमी व्हावा म्हणून ती छातीखाली घेतात आणि तिच्यावर रेलून काम करतात. नोएलने ती सोडली, मागे कोंडवाड्याच्या तुळईवर बांधली आणि साखळीच्या कड्या कमी-जास्त करत विनीच्या मापाची केली.

"ये. रेल."

"मी मेंढी आहे का?"

"मेंढी असतीस तर बरं झालं असतं. मेंढी इतकी बडबडत नाही."

विनी रेलली. झोळीने तिला अलगद तोललं. दोन्ही पाय जमिनीवर होते, पण खुब्यावरचा भार निघून गेला होता. ती थोडी झुलली, थोडी हसली आणि मग हसता हसता तिचे डोळे भरून आले. "ही खुर्ची नाही ना रे, नोएल?"

"खुर्चीला चार पाय असतात. हिला एकही नाही."

शनिवारी शेड भरली. विनी निळं स्वेटर घालून झोळीत रेलून उभी होती आणि जो येईल त्याला "हसायचं काम नाही" असं बजावत होती. मंत्रीबाई आल्या. त्यांच्याबरोबरचा टाय लावलेला माणूस पुढच्या रांगेपाशी गेला. "मॅडमची जागा?"

मिकेलाने मागे बोट दाखवलं. तिने हात खाली घेतला नाही.

"ही एक रिकामी आहे की!"

"ती रोवेनाची आहे. पहिलं वाचन तिचं. ती यायचीय अजून."

"मग ती येईपर्यंत तरी मॅडम—"

"या बाई, इकडे या!" विनी मागून म्हणाली. "इथे टेकायला कठडा आहे."

मंत्रीबाईंनी झोळीत टांगलेल्या त्या म्हातारीकडे पाहिलं, टायवाल्याला हातानेच गप्प केलं आणि मागे आल्या. दोन पावलांत त्यांच्या उंच टाचा फळ्यांच्या फटीत अडकल्या. त्यांनी बूट काढून हातात घेतले. मागे खसखस पिकली, त्याही हसल्या.

"सुरू का होत नाही?" थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं.

"गाडी भरली नाही," विनी म्हणाली.

सगळे थांबले. पत्र्यावर वारा वाजत होता. अखेर रोवेना धावत आली. तिच्या घरची गाडी चिखलात रुतली होती आणि तिचे पाय बुटांसकट गुडघ्यापर्यंत माखले होते. ती पुढच्या रांगेत जाऊन बसली, खिशातून चुरगळलेला कागद काढून मांडीवर सरळ करू लागली.

विनीने श्वास घेतला. झोळीने छाती आवळलेली होती. "मुलं—" ती म्हणाली आणि आवाज मध्येच विरला. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा निघाली. पुढची पोरं माना वळवून बघत होती. जो आवाज वादळात बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, तो आज अर्ध्या शेडपर्यंतही पोचेना. तिने नोएलकडे पाहिलं. इतकी घाबरलेली विनी त्याने कधी पाहिली नव्हती.

तेवढ्यात तिच्या उजव्या बाजूने डॉक्टर ओरडला. डाव्या बाजूने नोएल. मग पोस्टातली बाई, शाळेची मुख्याध्यापिका, पंपावरचा माणूस, विनीच्या बसमधून शाळेत गेलेले ते सगळे टक्कल पडलेले, पोट सुटलेले, पिकलेले लोक एका दमात ओरडले:

"मुलं बसल्याशिवाय गाडी हलणार नाही!"

पत्रा दणाणला. "बसलो!" पोरं ओरडली. रोवेना उठली आणि वाचू लागली. विनीला पहिलं पान ऐकूच आलं नाही. ती आजूबाजूला उभ्या असलेल्या आपल्या पोरांकडे एकेक करून बघत होती.

विनी त्या उन्हाळ्यात गेली, तिकडे भर उन्हाळ्यात येणाऱ्या नाताळानंतर. पुढच्या वर्षी मिकेला नवे बूट घालून पहिल्यांदा मागे उभी राहिली. वाक्य तिने म्हटलं. खणखणीत म्हटलं. नोएलने झोळी काढली नव्हती. मागे मुंगीला शिरायला जागा नव्हती, लोक एकमेकांच्या पायांवर उभे होते, पण झोळीखालच्या दोन फळ्या कोणीच घेतल्या नाहीत.