पुढच्या तीन तासांत

"सातवा विभाग पिवळा कशाला केलास?" साहेबांनी पडद्यावरच्या नकाशावर बोट ठेवलं.

"रडारवर ढग उभे राहतायत, साहेब. तीनच्या आत फुटतील."

"मागच्या आठवड्यातही फुटणार होते. दोनदा तोंडावर आपटलोय. आज तिथं शाळांच्या स्पर्धा आहेत, मंत्री येतायत. पिवळं दिसलं की सगळं रद्द. ढगोबा, खात्री किती?"

"दहात सहा."

"म्हणजे दहात चार वेळा माझी मान." साहेब हसले. "पांढरा कर."

देशाचे बेचाळीस विभाग, दुपारी बाराचं अनुमान, मुदत तीन तास. हवामान कार्यालयात सव्वीस वर्षं तो उन्हाळी वादळं अशीच रंगवत आला होता. ढगोबा हे नाव त्यातूनच पडलं. विभाग पिवळा झाला की तिथली मैदानं रिकामी करायची. शक्यता दहात पाच असली तरी पिवळा, असं नियमावलीत होतं. तो नियम त्यानेच लिहिला होता.

त्याने सातवा विभाग पांढरा केला आणि सही केली.

मग जिन्यात जाऊन बहिणीला फोन लावला. ती सातव्या विभागात राहत होती.

"ताई, पोरीला आज मैदानावर पाठवू नकोस. वादळ येतंय."

"अरे, तिची रिले आहे! महिनाभर घर डोक्यावर घेतलंय तिनं. आणि रेडिओवर तर काहीच सांगितलं नाही."

"मी सांगतोय ना."

"मग रेडिओवर का नाही सांगत?"

"वाद घालू नकोस. पोट दुखतंय म्हणून कळव."

पावणेतीनला मैदानाच्या कडेच्या तंबूवर वीज पडली. चार मुली गेल्या. त्यांतली एक राखीव धावपटू होती, भाचीच्या जागी ऐन वेळी उतरवलेली. ताईच्या शेजारच्या घरातली.

चौकशीत साहेब म्हणाले, वादळ अनपेक्षित होतं. त्यानेही तेच सांगितलं.

चौथ्या दिवशी ताईचा फोन आला.

"शेजारच्या पोरीची आई आली होती. म्हणाली, तुमच्या पोरीचं पोट देवानंच दुखवलं."

"मग तू?"

"मी काय बोलणार? पाणी दिलं. तुला किती वाजता कळलं होतं रे?"

"बाराच्या आधी."

पलीकडे ताईने दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तू फोन केला होतास, हे कुणाजवळ बोलू नकोस. आम्हाला इथंच राहायचंय."

रविवारी त्याने पुन्हा फोन केला. भाचीने उचलला.

"मामा बोलतोय गं."

तिने फोन बंद केला नाही, टेबलावर ठेवून दिला. खुर्ची सरकली. नळ सुरू झाला, थांबला.

"कोणाचा फोन होता?" आतून ताईने विचारलं.

"कुणाचाच नाही."

तो फोन कानाला लावून उभा राहिला. पलीकडे कुणीतरी ताटं मांडत होतं.