बसमधलं बोलणं

रुपालीनं ते पुस्तक शिरूरच्या एसटी स्टँडजवळ लागलेल्या पुस्तक प्रदर्शनातून घेतलं. नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी मार्गदर्शन, असं त्याच्या पाठीवर छापलं होतं. बारावीपासून ती कथा लिहीत होती आणि त्या साभार परत येत होत्या. तिच्या कथेतली माणसं धड्यातल्यासारखी बोलतात, हे तिचं तिलाच कळत होतं. न्हावऱ्याच्या वस्तीवर तिच्या घरात तसं कुणीच बोलत नव्हतं.

पुस्तकातलं बरंचसं तिच्या उपयोगाचं नव्हतं. पहाटेचे दोन तास लिहायला राखून ठेवा, असं पहिल्याच प्रकरणात होतं. पहाटे ती म्हशींच्या धारा काढायची आणि सहाच्या आत कंपनीच्या बससाठी रस्त्यावर उभी राहायची. लिहायला वेगळी खोली असावी म्हणे. घरात खोल्या दोन आणि माणसं सात. पण चौथं प्रकरण वहीचं होतं. वही सोबत ठेवा, माणसं बोलतात ते त्यांच्याच शब्दांत त्याच दिवशी उतरवून ठेवा, नावं नंतर बदलता येतात. हे तिला जमण्यासारखं होतं.

रांजणगावच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या वायरिंगच्या लाईनवर कंत्राटी कामाला होती. बस न्हावऱ्यावरून निघायची आणि शिरूरला भरायची. तिथं राजश्री चढायची आणि रुपालीशेजारी बसायची. राजश्री पस्तिशीची. नवरा गेल्यापासून दोन मुलींना घेऊन शिरूरला बुद्धविहारामागं राहायची. ती बोलायला लागली की अर्धी बस ऐकायची. सुपरवायझरची नक्कल करता करता मध्येच नाकातून हसायची. रुपाली संध्याकाळी घरी येऊन ते सगळं लिहायची, हसण्यासकट. महिनाभरानं तिनं एक कथा लिहिली आणि पहिल्यांदाच तिच्या कागदावर एक बाई खरी बोलली. पुस्तक घेतल्याचं सार्थक झालं असं तिला वाटलं.

मग सुवर्णाचं झालं. सुवर्णा त्यांच्याच लाईनवर होती, पाचवा महिना चालू होता. बाथरूमला जायचं तर सुपरवायझरकडून पास घ्यावा लागायचा, आणि तीस बायकांत पास एकच होता. सुवर्णानं दोनदा मागितला, मिळाला नाही. दुपारी ती उभ्या जागी कोसळली. दवाखान्यात नेलं, पण मूल गेलं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. शिरूर मागं पडल्यावर राजश्रीच बोलली. "सुवर्णा पडली न्हाई. तिला उभी ठिवून पाडली. सोमवारी जेवणाच्या सुट्टीनंतर लाईनवर कुणी उभं ऱ्हायचं न्हाई. खाली बसायचं. हाकललं तर तसंच उठून पुण्याला, कामगार आयुक्तांकडं."

लाईनवरच्या पूनम आणि गीताबाई लगेच तयार झाल्या. मागच्या सीटवरच्या बायकाही हो म्हणाल्या. रुपालीही म्हणाली. संध्याकाळी तिनं ते शब्दन् शब्द लिहिलं. कोण काय बोललं, कुणी मान हलवली, सोमवार, जेवणाची सुट्टी. लिहून झाल्यावर पुन्हा वाचलं आणि किती चांगलं उतरलंय म्हणून तिला बरं वाटलं. पुढं कितीतरी दिवस तिला त्या बरं वाटण्याचीच लाज वाटत राहिली.

शनिवारी गेटवर झडती झाली. लाईनवरचे कनेक्टर चोरीला जात होते, म्हणून डब्याच्या पिशव्याही उघडून बघत होते. डब्याखालची वही सिक्युरिटीच्या बाईंनी ऑफिसात नेऊन दिली. चार वाजता एचआरच्या साहेबांनी रुपालीला बोलावलं. वही त्यांच्या टेबलावर उघडी होती.

"तुम्ही फार चांगलं लिहिता," ते म्हणाले. "माणूस समोर बसून बोलतंय असं वाटतं."

आजवर तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. क्षणभर तिला ते आवडलं. मग ती म्हणाली की ही कथा आहे, साहेब. साहेबांनी विचारलं, मग नावं खरी कशी? नंतर बदलणार होते, असं ती म्हणाली. त्यांनी वही ड्रॉवरमध्ये ठेवली आणि तिला कामावर जायला सांगितलं. त्या दोन दिवसांत राजश्रीला सावध करावं असं तिच्या कितीदा मनात आलं. फोन हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. साहेब विसरतील, असं ती स्वतःला सांगत राहिली, सोमवारी बसमध्ये राजश्री शेजारी बसली तेव्हाही.

सोमवारी गेटवर राजश्रीचं कार्ड चाललं नाही. पूनमचं आणि गीताबाईचंही नाही. तिघींना ऑफिसात नेलं आणि कंत्राट संपल्याचं सांगून परत पाठवलं. रुपालीचं कार्ड चाललं. तिनंच सांगितलं असं समजायला बायकांना तेवढं पुरे होतं. जेवणाच्या सुट्टीनंतर कुणीच खाली बसलं नाही.

सुट्टीच्या दिवशी रुपाली राजश्रीच्या घरी गेली. राजश्रीनं तिला आत घेतलं, पाणी दिलं.

"ताई, म्या कुणाला सांगितलं न्हाई."

"ठाव हाय मला. साहेबानं वाचून दाखवलं. पयल्यांदा वाटलं, सरळ न्हाई म्हणावं, असलं काय बोललोच न्हाई. पर दोन वळी ऐकल्या आन् माझीच बोली की गं. माझं हसणंबी लिहिलंस. न्हाई कसं म्हणू?"

रुपालीला रडू आलं. काही वेळानं तिनं विचारलं, आयुक्तांकडं द्यायचा अर्ज मी लिहून देऊ का. राजश्रीनं कोपऱ्याकडं बोट केलं. थोरली मुलगी फरशीवर पालथी पडून फुलस्केपवर लिहीत होती.

"पोरगी लिहितीय. तू नगं."

अर्जावर तारीख मिळाली. कंत्राटदाराच्या माणसानं तिघींनी आपणहून काम सोडल्याचा कागद दाखवला, आणि पुढची तारीख पडली. तिसऱ्या तारखेला राजश्री गेलीच नाही; ती मुलींना घेऊन दौंडला भावाकडं राहायला गेली होती आणि रेल्वे कॉलनीत पोळ्या लाटायला जात होती.

बसमध्ये रुपालीच्या शेजारी आता कुणी बसत नव्हतं. ती चढली की बोलणं थांबायचं. एका सकाळी शिरूर सोडल्यावर ती उभी राहिली. वही माझीच होती, ती सापडली, मी मुद्दाम दिली नाही, असं तिनं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं. बायका खिडकीबाहेर बघत राहिल्या. मागून एक जण शांतपणे म्हणाली, "बस खाली. पडशील."

ती बसली.