बंद ठेवलेले टर्बाइन

मी वीजघरातले एक जुने, वाफेवर फिरून वीज बनवणारे टर्बाइन आहे. त्या दुपारी ऑपरेटरबाबा नेहमीसारखे लोखंडी दांड्याने माझा आस थोडा थोडा फिरवत होते. यंत्र नुसते बसून राहिले की स्वतःच्याच वजनाने आस वाकतो. वरून तसा हुकूम नव्हता, तरी ते रोज फिरवत.

विसरलेला चष्मा द्यायला त्यांची मुलगी आली होती.

"माझ्यापेक्षा याचीच काळजी जास्त तुम्हाला."

"मग? ते उलट बोलत नाही."

ती हसली. मग म्हणाली, "आपल्या इमारतीखालचा दुकानदार विचारत होता, बाबांनी मशीन परत बिघडवलं का?"

"म्हणू दे गं," बाबा म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

मित्रांनो, मी बिघडलो नव्हतो. तरुणपणी मी अर्धे शहर उजळत असे, लोक मला पाहायला येत. मग शहराची तिन्ही वीजघरे एकाच मालकाने विकत घेतली. ऐन उन्हाळ्यात तो मला बंद ठेवी. वीज कमी पडे आणि उरलेल्या दोन वीजघरांच्या विजेला तिप्पट भाव मिळे. फाटकावर मात्र पाटी लागे : यंत्रात बिघाड. बोल बाबांना लागत.

मुलगी चष्मा देऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी शहराची वीज गेली. बाबांच्या इमारतीचा पंप थांबला. दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या घेऊन ते चौथ्या मजल्याकडे निघाले, तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर टेकले आणि उठलेच नाहीत. मी धडधाकट होतो, मित्रांनो. थोडी वाफ मिळाली असती तर तो पंप चालला असता.

यंत्रांना वेळेवर तेल द्या, एवढे सांगून मी थांबायला हवे. पण माझे एक मागणे आहे. साऱ्या गावाचा उजेड कुणा एकाच्या मुठीत जाऊ देऊ नका.

शोकसभा माझ्याच शेजारी झाली. वीजघराचे मोठे साहेब म्हणाले, "यंत्र जुनं, सारखं बिघडायचं. तरी बिचारे सांभाळून घ्यायचे."

मुलगी बाबांचा डबा न्यायला आली होती. ती उठली. माझ्या थंड अंगावर तिने हात ठेवला. त्यांच्या हयातीत जे ती कधी बोलली नव्हती, ते तिने सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले,

"माझ्या बाबांनी हे एकदाही बिघडू दिलं नाही."